सातशे वेढे कमी

६.१ / सोमवार, दुपारी चार

"किती आलं?" आण्णांनी विचारलं.

"सहा पॉइंट एक."

"वेढे?"

"आठ हजार. काउंटर बघा की."

आण्णांनी काउंटर बघितला नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. माझं बोलून झालं तरी नजर ओठांवरच. अजून एखादा शब्द बाहेर यायचा आहे आणि तो खोटा असणार आहे, अशी.

"बरं," ते म्हणाले. "ठेव कपाटात."

डिसेंबर त्र्याण्णव, इचलकरंजी. दुकानाचं नाव खोत मोटर वाइंडिंग. तवनाप्पा खोत म्हणजे आण्णा, वय अठ्ठावन्न. मी जयपाल मगदूम, एकोणतीस. विहिरीवरच्या पंपाच्या आणि यंत्रमागाच्या जळलेल्या मोटरी आमच्याकडे यायच्या. जळकी तार उपसायची, नवी भरायची. आणि महिन्यातून एखादी गिटार.

गिटारीचं असं झालं, की दहा वर्षांपूर्वी सांगलीच्या एका ऑर्केस्ट्राचा गिटारवाला रडकुंडीला येऊन दुकानात शिरला. गिटारीच्या पोटातला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारा भाग, मेला होता. आण्णांनी तो उघडला आणि हसले. "ही तर मोटरच की गा. फिरत न्हाई एवढंच."

खरंच तसंच असतं. लोहचुंबकाच्या सहा बुटक्या सळया, त्यांच्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याची तार. वर गिटारीची पोलादी तार थरथरली की खालच्या तारेत वीज जागी होते, आणि अँप तिचा आवाज मोठा करून ऐकवतो. बस्स. तार किती वेळा गुंडाळली यावर सगळा खेळ. किती तार बसली ते मीटरवर तिच्या रोधावरून कळतं, आकडा किलोओहममध्ये. वेढे वाढवले की आवाज मोठा आणि जाड होतो, पण त्याचं टोक बोथटतं. कमी केले की आवाज बारीक, मोकळा, धारदार. फार कमी केले की चिरका.

मला हे आण्णांनीच शिकवलं. मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या जुन्या मशीनवर बॉबिन बसवायची, मागाचा काउंटर जोडायचा आणि तार दोन बोटांत धरायची. जोरात धरली तर तुटते, सैल सोडली तर ढिली बसते. "तान्ह्या पोराचं मनगट धरल्यागत धर," म्हणायचे.

५.२ / मंगळवार, सकाळी आठ

सोमवारी भरलेले पहिले दोन पिकअप. दोन्हींचं पाच पॉइंट दोन.

मी मीटरचे सेल बदलले. पाच पॉइंट दोन.

थंडी होती. गार तारेचं रीडिंग कमी येतं, हे वाइंडिंगवाल्याला सांगावं लागत नाही. पण थंडीनं दशांशातले तीन-साडेतीन पॉइंट उतरतात, नऊ नाही. मी दोन्ही पिकअप दारातल्या उन्हात ठेवले आणि एका मोटरीला लागलो. दुपारी चारला पुन्हा मोजलं. पाच पॉइंट पाच. त्याच्यावर चढेना.

सहा पॉइंट कमी. म्हणजे अंदाजे सातशे वेढे.

आधी मी स्वतःवर संशय घेतला. काउंटर उडी मारत असेल. हातानं मोजत शंभर वेढे मारून बघितलं, काउंटर शंभरच दाखवत होता.

"काय करालास?" आण्णांनी मागून विचारलं.

"काही न्हाई. काउंटर साफ करालोय."

त्यांनी ओठांकडे बघितलं. मी मान खाली घातली.

काय पणाला लागलं होतं, ते

पुण्याचे रिसबूड. हेमंत रिसबूड. घरामागच्या शेडमध्ये इलेक्ट्रिक गिटारी बनवायचे आणि पिकअप आमच्याकडून घ्यायचे. ऑर्केस्ट्रावाल्यांना जोडपिकअप लागायचे. दोन गुंडाळ्या शेजारीशेजारी, एक सुलटी, एक उलटी. लाइटीची घरघर दोन्हींत शिरते आणि एकमेकींना खोडून टाकते. आमच्या गावात हजारो मोटरी चालतात, इथं तर तोच बरा. पण घरघरीबरोबर आवाजाचं टोकही झिजतं, आवाज गुबगुबीत होतो. रिसबूडांना एकेरी हवा होता. "घरघरू दे," म्हणायचे. "तारेला नख लागलेलं ऐकू आलं पाहिजे."

दिवाळीआधी आण्णांनी स्वतः भरलेले सहा पिकअप त्यांनी परत पाठवले होते. सोबत चार ओळींचं पत्र. चिरके झालेत, कानात सुई टोचल्यासारखं वाटतं, असं कसं झालं?

आण्णांनी पत्र दोनदा वाचलं. "सायबाचा अँप बिघडला असंल," म्हणाले. पत्र घडी करून खिशात घातलं. संध्याकाळी म्हणाले, "या खेपेला तू भर."

शुक्रवारी रिसबूड स्वतः येणार होते. सहा पिकअप पसंत पडले तर वर्षभराचं काम आमचं. नाही पडले तर ते कलकत्त्याच्या माणसाकडे जाणार होते. पंपांच्या मोटरी कमी झाल्या होत्या, दुकानात दोन माणसांपुरतं काम उरलं नव्हतं. मी चार वर्षं मागावर काढून इथं आलो होतो. बारा बारा तास उभं राहायचं, चार माग सांभाळायचे, आणि घरी आल्यावर बायको काय म्हणते ते डोक्यातल्या खडखडाटात ऐकायचं. काम गेलं तर परत मागावर कोण जाणार, ते उघड होतं.

५.२ / बुधवार, सकाळी आठ

मंगळवारी भरलेले दोन. तेच.

या वेळी मी भिंग लावून बघितलं. तारेचं बाहेरचं टोक जिथं जोडलेलं असतं, तिथला कथिलाचा डाग चकचकीत होता. माझे डाग असे नसतात. झाळताना मी राळ कमी लावतो, माझा डाग मळकट दिसतो. हा गोल होता, थेंबासारखा. असा डाग दुकानात एकच माणूस मारायचा.

दुकान सकाळी सहाला आण्णा उघडायचे. मी आठला यायचो. मधले दोन तास.

नोंदीसारखं, कारण तेव्हा डोक्यात असंच चालू होतं

त्यांनी काम मला का दिलं? बिघडलं तर माझ्यावर यावं म्हणून?

पत्र आल्यापासून ते माझ्याकडे एवढं का बघतात?

समोरच्या चहावाल्याशी ते रस्त्यापलीकडून आवाज न करता बोलतात. त्यात नवल नाही. ते पंधरा वर्षं मागावर होते, मी चार. कारखान्यात कोणी ओरडत नाही, ओठ हलवले की समोरच्याला कळतं. गावात अर्धी माणसं अशी बोलतात. पण बुधवारी ते चहावाल्याशी बोलत होते आणि मी दारात आलो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाठ का केली? त्याआधी एक शब्द माझ्या नजरेत आला होता, 'तार'. दुसरा 'पोरगं' असावा.

की 'पोचलं'?

वेढ्यांत त्यांची चूक होत असेल का? म्हणून त्यांचा नऊ वर्षांपूर्वीचा एक पिकअप काढून वाजवून बघितला. दृष्ट लागावी असा आवाज. म्हणजे त्यांना कळतं. कळत असून करतात.

माझं नाव होईल म्हणून?

गुरुवार. मीटर लावला नाही

शेवटचे दोन भरले. माझी बायको सुनंदा, तिची लाल नेलपॉलिशची बाटली खिशातून आणली होती. सर्वांत वरच्या वेढ्यावर सुईच्या टोकानं एक ठिपका दिला. वेढे काढले तर ठिपका जाणार.

एक अडचण होती. सहाही पिकअप भरून झाले की ते गरम मेणात बुडवायचे असतात. मेण वेढ्यांच्या फटींत शिरतं, थिजतं आणि तारा हलेनाशा होतात. न बुडवलेला पिकअप अँपजवळ नेला की आवाजानंच त्याच्या तारा थरथरायला लागतात आणि तो किंचाळतो. पण मेण दिलं की वेढे काढता येत नाहीत. मग चोर कसा सापडणार?

"मेण आज द्यायचं हुतं," आण्णा म्हणाले.

"उद्या देतो. सायबांसमोर."

"सायबांसमोर कशाला?"

"त्यांना बघायचंय कसं देतात ते."

हे खोटं होतं. आण्णा ओठांकडे बघत राहिले.

"जयपाल."

"काय?"

"काही अडचण असली तर सांग मर्दा. शिकताना हुतंय. माझ्याकडनंबी झालंय."

"मला काय अडचण?" मी म्हटलं. "तुमचं काय असलं तर सांगा."

ते मोटरीकडे वळले. पोटातलं ओठावर आलं नाही, असं मला वाटलं. आधीचे चारही पिकअप मी पुन्हा भरू शकत होतो, अर्ध्या दिवसाचं काम. भरले नाहीत. पुरावा मोडायचा नव्हता.

शुक्रवार

सकाळी दोन्ही ठिपके गेलेले. मी पिकअप परत कपाटात ठेवले.

अकराला रिसबूड आले. पुण्याच्या एस.टी.नं, खांद्याला झोळी, डोक्याला माकडटोपी. "इथं पुण्यापेक्षा थंडी आहे हो," म्हणाले. चहा झाला. त्यांनी स्वतःचा मीटर काढला.

"पाच पॉइंट चार. पुढचा द्या. पाच पॉइंट चार. अहो, हे काय? आपलं सहाचं ठरलं होतं ना?"

"सायब, हे मी केलेले न्हाईत," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मी आठ हजार वेढे मारले हुते. सहाहीत. रोज सकाळी सातशे कमी. मी खूण केलेली, ती पण गेली." मी कपाटातून वही काढून तारीखवार रीडिंग दाखवली.

"कोणी काढले?"

"दुकानात दोघंच असतोय आम्ही."

रिसबूडांनी आण्णांकडे बघितलं. "खोत?"

"त्यांना काय विचारता," मी म्हटलं. "पोटात दुखतंय त्यांच्या. माझ्या हातचं काम पसंत पडलं तर त्यांना कोण विचारणार?"

आण्णा म्हणाले, "खरं हाय."

"काय खरं आहे?"

"मीच काढले. पोटात दुखलं. पोरगं पुढं जाईल असं वाटलं."

रिसबूडांनी मीटर झोळीत टाकला. मग टोपी घातली. "मगदूम, दोन दिवसांत तुम्ही हे नीट करून पाठवा. काम तुम्हाला देतो. पण या गृहस्थांचा हात त्याला लागता कामा नये. इतक्या वर्षांत असं मी कुठं पाहिलं नाही."

आण्णांनी दुकानाची किल्ली टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि निघून गेले.

दुरुस्ती

ही हकिगत मी बत्तीस वर्षं अशीच सांगत आलो. रिसबूड होते तोवर त्यांच्यासमोरही. आता मी एकसष्ट वर्षांचा आहे. वर लिहिलं आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे.

फक्त मधून एक तुकडा काढलेला आहे. माझं 'कोण विचारणार' आणि आण्णांचं 'खरं हाय', यांच्या मधला. पाच मिनिटं असतील, जास्त नाहीत. तो आता परत घालतो.

"त्यांना कोण विचारणार?" यानंतर

आण्णा हसले.

लाजल्यासारखं किंवा पकडल्यासारखं नाही. पोर काही वेडंवाकडं बोललं की घरातला मोठा माणूस हसतो, तसं.

"काढले तर," ते म्हणाले. "पोटात कशाला दुखंल गा? तुझं काम वाया जाऊ नये म्हणून काढले. तू गच्च भरतोस. आवाज गोधडीखाली गेल्यागत हुतोय. तुला म्हटलं अडचण सांग, तर तू सांगंनास. मग मीच मोकळं केलं. सहाच्या सहा."

"पण मी तर चिरके झाले म्हणून परत पाठवले होते," रिसबूड म्हणाले.

"सायब, तुमी आधी ऐका. मग बोला."

दुकानात चाचणीची एक गिटार होती, पोट उघडं ठेवलेली, कुठलाही पिकअप खाली सरकवून तारा जोडता येतील अशी. आण्णांनी पिकअप बसवला. अँप लावला. बारीक सुराची तार छेडली.

मी शहारलो. पत्र्यावर खिळा ओढावा तसं झालं. रिसबूडांनी एक डोळा मिटून घेतला.

"बघा," आण्णा म्हणाले. चेहरा उजळला होता. "आता कसं सुटसुटीत झालं. दोन म्हैनं झालं, असा आवाज ऐकला न्हवता."

"खोत, हे फार..."

"थांबा, मोठा करतो. म्हंजी कळंल." त्यांनी अँपचं बटण निम्म्याच्या पुढं नेलं आणि गिटार अँपला टेकवून उभी केली.

आणि मेण न दिलेला पिकअप किंचाळला.

ज्यानं ऐकलं नसेल त्याला सांगणं अवघड आहे. एकच अणकुचीदार सूर, न थांबणारा, दातांच्या मुळाशी जाणारा. रिसबूडांनी दोन्ही कान दाबले. "बंद करा! बंद करा ते!" समोरचा चहावाला गाळणी हातात घेऊन दारात आला. माझे खांदे आपोआप कानांपर्यंत चढले.

आण्णा अँपपासून हातभर अंतरावर उभे होते. चेहऱ्यावर मघाचंच हसू. ते आमच्या तोंडाकडे बघत होते. आता चांगलं म्हणतील, मग म्हणतील, अशा आशेनं.

मग ते हसू थोडं हललं. आम्ही कान का दाबतोय, ते त्यांना कळेना. त्यांनी रिसबूडांच्या पायांकडे बघितलं. मग खाली वाकले आणि टेबलाखाली बघितलं. काही चावलं असेल, विंचू वगैरे निघाला असेल, असं त्यांना वाटलं.

टेबलाखाली काही नव्हतं. ते वाकलेलेच राहिले, कोपऱ्यात, खोक्यांमागे शोधत. किंकाळी चालूच होती.

मी पुढं होऊन बटण बंद केलं.

आण्णा सरळ झाले. त्यांनी बटणावरचा माझा हात बघितला. रिसबूड कानांवरचे हात काढत होते, ते बघितलं. समोर चहावाला परत आत वळत होता, तोही बघितला. आणि मग माझ्याकडे वळून, रिसबूडांकडे पाठ करून, आवाज न काढता, मागावर बोलतात तसं फक्त ओठांनी त्यांनी मला विचारलं,

*वाजत हुतं?*

मी मान हलवली. हो.

कान सगळाच्या सगळा जात नाही. मागाच्या खडखडाटानं वरचे सूर आधी जातात. बाकी सगळं ऐकू येतं, माणसांची बोलणी, मोटरींची घरघर, आणि जे येत नाही ते ओठांवरून वाचता येतं. काही गेलंय हे कळतच नाही. जग हळूहळू गोधडीखाली जातंय असं वाटतं, आणि दोष जगाचा वाटतो. अँपचा वाटतो. जयपालच्या हाताचा वाटतो. मग माणूस सकाळी सहाला येतो, डाग सोडवतो आणि आपल्या कानाला बरं वाटेपर्यंत एकेक वेढा काढत जातो. सातशे काढल्यावर त्याला बरं वाटतं.

हे मला तेव्हा, त्या दोन-चार क्षणांत, सगळं कळलं. नंतर कळलं असं मी म्हणणार नाही. ओठांवरची ती नजर, रिसबूडांचं पत्र, सगळं एका झटक्यात जागेवर बसलं. त्यांनाही तेव्हाच कळलं असावं. निदान माझी मान हलताना बघून तरी.

"काय झालं काय?" रिसबूड म्हणाले. "खोत, मला सरळ सांगा. हे मगदूम म्हणतात ते खरं आहे का? मुद्दाम बिघडवलेत तुम्ही?"

आण्णांनी एकदा माझ्या ओठांकडे बघितलं. वाट बघितली म्हणा.

एकच वाक्य लागत होतं. साहेब, यांना वरचं ऐकू येत नाही. एवढंच. पण मग रिसबूडांनी विचारलं असतं, ज्या दुकानाच्या मालकाला ऐकू येत नाही त्या दुकानाला मी काम का देऊ? आणि मला विचारलं असतं, तुम्ही चार दिवस हे बघत होतात तर मला आधी का सांगितलं नाहीत, पिकअप पुन्हा का भरले नाहीत? मी हे सगळं तेव्हा मोजलं. मी मोजण्यात पक्का होतो.

मी ओठ मिटून ठेवले.

"खरं हाय," आण्णा म्हणाले.

पुढचं वर आलंच आहे.

६.१ / रविवार, दुपारी चार

सहाही पुन्हा भरले, मेणात बुडवले, पाठवले. पसंत पडले. वर्षभराचं काम मिळालं, मग आणखी पुढचं. आण्णा परत दुकानात आले नाहीत, किल्ली माझ्याकडेच राहिली. दुकानावरची पाटी मी सहा महिने बदलली नाही, मग बदलली.

आण्णांना दुसऱ्या वाइंडिंगच्या दुकानात काम मिळणं अवघड नव्हतं. पंपाच्या मोटरीला वरचे सूर लागत नाहीत, आणि हात त्यांच्यासारखा गावात कोणाचाच नव्हता. पण चहावाल्यानं ऐकलं होतं, चहावाल्याकडून गावानं ऐकलं. शिकवलेल्या पोराचं काम चोरून बिघडवणारा माणूस कोण ठेवून घेणार? दोन ठिकाणी गेले होते म्हणे. दोन्हीकडे मालकांनी चहा पाजला आणि परत पाठवलं.

मला एका मालकानं विचारलंही होतं. "का हो मगदूम, ते खोतांचं खरं का?"

"त्यांनी स्वतः कबूल केलंय," मी म्हटलं.

हे पण खरंच होतं.

रीडिंग नाही

पंचाण्णवच्या उन्हाळ्यात एका कारखान्यात मोटर पोचवायला गेलो. चोवीस माग. दारातून आत पाऊल टाकलं की छातीत ठोके बसतात, आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मी दिवाणजीला शोधत होतो, आणि तिसऱ्या ओळीत आण्णा दिसले.

साठीचा माणूस, चार माग. सदऱ्यावर सूत चिकटलेलं. तुटलेला धागा बोटानं जोडत होते, आणि जोडता जोडता चार माग पलीकडच्या बाईशी ओठांनी काही बोलत होते. ती हसली. आण्णाही हसले. मग पलीकडून कोणी तरी त्यांना काही विचारलं, त्यांनी वळूनसुद्धा न बघता डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचलं आणि उत्तर दिलं. त्या कारखान्यात त्यांच्याइतकं चांगलं ऐकणारा कोणी नसावा.

त्यांनी मला बघितलं. हात थांबला नाही.

मी दोन मागांच्या मधल्या बोळात जाऊन उभा राहिलो, त्यांच्यापासून दहा-बारा फुटांवर. उजेड माझ्या तोंडावर होता. आवाज काढण्यात अर्थ नव्हता. मी ओठ नीट, एकेक अक्षर सुटं करून हलवले.

*आण्णा. मला त्या दिवशी कळलं हुतं. मी बोललो न्हाई. चुकलं माझं.*

ते माझ्या ओठांकडेच बघत होते. शेवटच्या शब्दापर्यंत.

मग त्यांनी उजव्या हाताचं बोट कानाला लावलं आणि मान हलवली. ऐकू येत नाही.

मी पुन्हा म्हटलं. *चुकलं माझं.*

त्यांनी पुन्हा कानाला बोट लावलं. ऐकू येत नाही रे. सगळ्यांना दिसेल असं. पलीकडची बाई वळून बघायला लागली, तिलाही त्यांनी तीच खूण केली. म्हातारपण. कान गेले.

आणि धोट्यातली कांडी संपली होती ती बदलायला ते मागाकडे वळले.